बोट लागू नये म्हणून

समुद्रावरच्या मळमळीला आपल्या भाषेत 'बोट लागणे' म्हणतात. ऊन लागावे, दृष्ट लागावी, तशी बोट लागते. माझ्या आईला तर बोटीत पाय न ठेवताच बोट लागत असे. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेच्या वर माणसे गेली, तेव्हा ती बारा वर्षांची होती. त्यानंतर तिने समुद्र पाहिला तो चौपाटीच्या वाळूवर उभे राहूनच. तिची ती धास्ती माझ्याकडे वारशाने आली. त्यामुळे वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी मी तीन रात्रींच्या क्रूझवर जाऊन आले, असे सांगितले की आमचे नातेवाईक आधी माझ्याकडे पाहतात आणि मग ह्यांच्याकडे.

ह्यांच्याकडे पाहण्याचे कारण निराळे. माझ्या यजमानांना गेली सात वर्षे कंपवात आहे. गोळीचा अंमल असतो तोवर ते चालतात, वाचतात, स्वतःच्या हाताने जेवतात. अंमल उतरला की पाय जमिनीला खिळतात आणि आवाज इतका खाली जातो, की कान त्यांच्या ओठांशी न्यावा लागतो. ते मूळचे देवगडजवळचे. बालपणी आणि पुढे शिक्षणासाठी मुंबईला आल्यावरही त्यांचे जाणे-येणे कोकणच्या बोटीने होत असे. 'रोहिणी', 'चंपावती' ही नावे ते आजही घरातल्या थोरल्या बहिणींची घ्यावीत तशी घेतात. डेकवर सतरंजी अंथरायची, डबा सोडायचा, आणि एकेक बंदर येताना पाहत जायचे. पुढे रस्ते झाले, एस.टी. आली, १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. बोटी त्याआधीच बंद पडल्या होत्या. "एकदा समुद्रावरून कोकण पाहायचं आहे," एवढे एकच मागणे ते अधूनमधून करीत. मुलाने ते लक्षात ठेवले आणि मुंबई ते गोवा आणि परत, अशी तिकिटे हाती ठेवली.

मी आनंदले नाही, हे कबूल करते. घरात दीर्घकाळचा रुग्ण असलेल्या प्रत्येकीला हे कळेल. सहल म्हणजे जे घरी करतो तेच परक्या ठिकाणी, अधिक गैरसोयीत करायचे. जहाजाच्या माहितीपत्रकात नाचणारी जोडपी होती, निळ्या पाण्याचा तलाव होता. कंपवाताच्या माणसाने न्हाणीघराचा उंबरठा कसा ओलांडावा, हे त्यात कुठे नव्हते. ते सारे मला चुकत चुकत शिकावे लागले. तुमच्यापैकी कोणी आई-वडिलांना किंवा जोडीदाराला घेऊन पहिल्यांदाच अशा प्रवासाला निघणार असेल, तर निदान माझ्या दोन चुका तुम्ही करू नयेत, म्हणून हे लिहिते आहे.

औषधांची पिशवी

पहिली चूक मी घरीच केली. आरक्षणाच्या वेळी एक अर्ज भरायचा असतो. प्रवाशाला काही आजार आहे का, चालण्यासाठी मदत लागते का, व्हीलचेअर हवी का, असे प्रश्न त्यात होते. कंपवात लिहिला तर तिकीट नाकारतील, या भीतीने मी सगळीकडे 'नाही' लिहिले.

दुसरी चूक बॅलार्ड पिअरच्या टर्मिनलवर झाली. तुम्ही विमानाने प्रवास केला असेल, तर मोठ्या बॅगा देऊन टाकण्याची सवय तुम्हाला आहे. जहाजावरही बॅगांना खोलीच्या क्रमांकाची चिठ्ठी लावून त्या दारातच घेतात. फरक इतकाच, की शेकडो खोल्यांच्या बॅगा तपासून, वर चढवून, दारोदार पोहोचवायच्या असतात. तुम्ही दुपारी जहाजावर चढता आणि बॅग संध्याकाळी, कधीकधी रात्रीच्या जेवणाच्या सुमारास खोलीत येते. मधले सहा-सात तास तुमच्याजवळ असते ते फक्त हातातल्या पिशवीत असलेले.

ह्यांच्या गोळ्यांच्या वेळा आठ, बारा, चार, आठ अशा. बाराची गोळी पर्समध्ये होती, ती दिली. बाकीचा डबा मोठ्या बॅगेत गेला होता. हे माझ्या लक्षात आले तेव्हा साडेतीन वाजले होते आणि बॅग जहाजाच्या पोटात कुठेतरी होती.

कंपवातावरच्या लेव्होडोपा या औषधाचे घड्याळ कडक असते. मेंदूत ज्या रसायनाची उणीव असते ते डोपामिन या औषधापासून तयार होते, पण त्याचा साठा फार वेळ टिकत नाही. आजार जुना होत जातो तसतसा एका गोळीपासून दुसरीपर्यंतचा काळ रुग्णाला अक्षरशः मोजून मिळतो. चार वाजले आणि ह्यांचा उजवा पाय जड झाला. नेमकी तेव्हाच ध्वनिक्षेपकावरून सूचना आली, की सुरक्षेच्या कवायतीसाठी सर्व प्रवाशांनी आपापल्या ठरलेल्या जागी जमावे.

या कवायतीला टाळाटाळ करणारे प्रवासी मी नंतर पाहिले. तुम्ही तसे करू नका. १९१२ साली 'टायटॅनिक' बुडाल्यानंतर जगातल्या देशांनी समुद्रावरील जीविताच्या रक्षणाचा करार केला. २०१२ साली इटलीच्या किनाऱ्याजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' कलंडली, तेव्हा नुकत्याच चढलेल्या काही प्रवाशांची कवायत अजून व्हायचीच होती. त्यानंतर नियम कडक झाला आणि २०१५ पासून जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी ही कवायत घेणे बंधनकारक आहे. सात आखूड आणि एक लांब भोंगा झाला, की तो धोक्याचा इशारा. लाइफ जॅकेट कुठे आहे, आपण कुठे जमायचे, हे त्यात दाखवतात. आणखी एक गोष्ट त्यात सांगतात, जी म्हाताऱ्या माणसांनी मनात कोरून ठेवावी: संकटाच्या वेळी लिफ्ट वापरायची नसते.

आम्ही खोलीतून निघालो आणि दाराच्या चौकटीतच हे थांबले. कंपवाताचे पाय अरुंद जागेत, दारात, वळणावर हमखास गोठतात. आणि जहाजावर तर सारेच अरुंद! मागून माणसे येत होती, "जरा सरता का" म्हणत होती. मी ह्यांचा हात ओढला. ओढू नये हे मला पक्के ठाऊक होते, तरीही ओढला. घाईत सात वर्षांचे शिकलेले विसरायला होते. हे माझ्याकडे पाहत होते. कंपवातात चेहऱ्याचे स्नायूही हळूहळू अबोल होतात, त्यामुळे राग, भीती, लाज यांतले काय आहे ते चेहऱ्यावर दिसत नाही. डोळ्यांत मात्र दिसते.

शेवटी जहाजावरचीच एक मुलगी आली. तिने विचारले, "आजोबांना मदत लागते, हे आम्हाला कळवलं होतं का?" मी मान खाली घातली. तिने एक शब्दही न बोलता व्हीलचेअर आणली. कवायतीनंतर ती आम्हाला दवाखान्यात घेऊन गेली. अशा जहाजांवर डॉक्टर आणि परिचारिका असतात, प्राथमिक उपचारांची सोय असते. पण प्रत्येक आजाराचे खास औषध तिथे असेलच असे नाही. लेव्होडोपा तिथे नव्हते. डॉक्टरांनी सामानाच्या विभागाला फोन लावला, बॅगेचा रंग विचारला, आणि तासाभराने एक मुलगा आमची जांभळी बॅग घेऊन धावत आला. "उशीर झाला म्हणून दोन गोळ्या एकदम देऊ नका," डॉक्टरांनी बजावले, "आता एकच द्या आणि पुढची वेळ त्याप्रमाणे सरकवा."

त्याच वेळी मी अर्जातली लपवाछपवीही सांगून टाकली. डॉक्टर म्हणाले, "लिहिलं असतं तर आम्ही तुम्हाला लिफ्टजवळची खोली दिली असती. आणि कवायतीच्या यादीत ह्यांचं नाव असतं. खरोखरचा भोंगा झाला, तर जिना उतरवायला कोणाला न्यायचं ते त्या यादीवरूनच ठरतं." 'रामदास'ची भीती उराशी बाळगून वाढलेल्या माझ्यासारखीने आपल्याच हाताने त्या यादीतून नवऱ्याचे नाव वगळले होते.

तरंगते घर

संध्याकाळी गोळीचा अंमल आला, हे उठून बसले आणि म्हणाले, "चहा मिळतो का बघ." तेव्हा कुठे मी खोलीकडे नीट पाहिले.

खोली लहान असते, हे गृहीत धरा. स्वस्त खोल्यांना खिडकी नसते. दिवा मालवला की तिथे मिट्ट काळोख होतो, दिवस की रात्र ते कळत नाही. रात्री दोन-तीनदा उठावे लागणाऱ्या, किंवा विसरभोळेपणा सुरू झालेल्या माणसाला असा काळोख गोंधळात टाकतो. परवडत असेल तर खिडकीची खोली घ्या. नाहीच जमले तर भिंतीत खोचायचा छोटा रात्रदिवा बरोबर न्या. चालण्यास अडचण असलेल्यांसाठी रुंद दाराच्या काही खोल्या असतात, पण त्या मोजक्याच. त्या लवकर मागाव्या लागतात, आणि खरे लिहिले तरच मागता येतात.

न्हाणीघराला बोटभर, कधी चार बोटे उंचीचा उंबरठा असतो. घरातल्या उंबरठ्याची पायाला सवय असते, या परक्या उंबरठ्याची नसते. पहिल्या तासातच रुग्णाला तो दोनदा ओलांडायला लावा, आधाराची दांडी कुठे आहे ते हात लावून दाखवा. शौचालयाचे पाणी हवेच्या दाबाने ओढले जाते, त्याचा एकदम मोठा आवाज होतो. हे दचकून मागे सरकले होते. आधी सांगून ठेवले तर तेवढे टळते. पायात चप्पल नको, मागून बंद आणि तळ न घसरणारा बूट हवा.

बाहेरची मार्गिका लांबलचक, आणि सगळी दारे एकसारखी. आमच्या दाराच्या मुठीला मी ह्यांचा निळा रुमाल बांधला. तीन दिवस तोच आमचा पत्ता होता. मार्गिकेच्या भिंतीला दोन्हीकडून आधाराची दांडी असते. समुद्र शांत असला तरी ती धरूनच चालावे. पाय गोठले की आमच्या फिजिओथेरपिस्टने शिकवलेली युक्ती मी पुन्हा सुरू केली. ह्यांच्या पावलापुढे माझे पाऊल आडवे ठेवायचे आणि म्हणायचे, "हे ओलांडा." सपाट जमिनीवर न उचलणारा पाय अडथळा दिसला की उचलला जातो. गालिच्यावर आडव्या पट्ट्या होत्या, पुढे पुढे हे त्याच ओलांडत चालू लागले.

जेवणाची रेलचेल असते आणि मोह अनावर होतो. रक्तदाबाच्या आणि हृदयाच्या रुग्णांनी लोणची, पापड, तयार सूप यांतल्या मिठाचा हिशेब ठेवावा. मधुमेहींनी इन्सुलिन घेतल्यावर रांगेत ताटकळू नये. लेव्होडोपाची गोळी जेवणाच्या अर्धा-पाऊण तास आधी द्यावी, कारण डाळी, दूध, अंडी, मांस यांतल्या प्रथिनांमुळे काहींना तिचा गुण कमी येतो. आणि प्रत्येक वेळी जेवणापूर्वी साबणाने हात धुवावेत. अनेक माणसे एकाच ठिकाणी जेवतात तिथे उलट्या-जुलाबाची साथ पसरायला वेळ लागत नाही. ती पसरवणाऱ्या नोरो विषाणूवर हातांना चोळायच्या सॅनिटायझरपेक्षा साबण-पाणी अधिक कामाचे.

पहिल्या रात्री ह्यांच्या थरथरत्या हातातून सूप टेबलावर सांडले. मी घाईघाईने पुसू लागले, आजूबाजूला पाहू लागले. दुसऱ्या दिवशी वाढणाऱ्या तरुणाने न सांगता सूप खोल कपात आणले, अर्धाच भरून. ह्यांनी दोन्ही हातांनी कप धरला आणि संपवला. मग त्याने उरलेला अर्धा आणला. तोही संपला. त्या मुलाच्या घरी कोणी आजारी असेल का, हे विचारायचे मनात होते, राहून गेले.

बोट लागते तेव्हा

आता ज्याची सगळ्यांना धास्ती असते त्याविषयी. आपला आतला कान सांगतो की शरीर हलते आहे आणि डोळे सांगतात की भिंती स्थिर आहेत. या विसंगतीतून मळमळ येते. वय वाढते तसा हा त्रास सहसा कमी होतो, हे माझ्यासारख्या भित्र्या बायकांसाठी शुभवर्तमान आहे. मोठ्या जहाजांना डोलणे कमी करणारे पंख पाण्याखाली असतात. हिवाळ्यात अरबी समुद्रही बहुधा शांत असतो. पूर्वीच्या कोकणच्या बोटीही पावसाळ्यात बंदच असत. खोली जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर असेल तर हेलकावे सर्वांत कमी जाणवतात. मळमळू लागले तर खोलीत पडून न राहता मोकळ्या हवेत यावे आणि क्षितिजावर नजर ठेवावी. पोट अगदी रिकामे किंवा तुडुंब नसावे. आले चघळल्याने अनेकांना बरे वाटते.

औषधांच्या बाबतीत मात्र वृद्धांनी आणि त्यांना सांभाळणाऱ्यांनी सावध असावे. शेजारणीने प्रेमाने दिलेली 'बोटीची गोळी' परस्पर घेऊ नये. या गोळ्यांपैकी अनेकींनी गुंगी येते, तोंड कोरडे पडते, पुरुषांची लघवी अडू शकते आणि वयस्कर माणसाला भ्रमही होऊ शकतो. गुंगी आणि हलती जमीन ही पडण्यासाठी पुरेशी सामग्री झाली. कंपवाताच्या रुग्णांसाठी तर याहून महत्त्वाची गोष्ट आहे. मळमळीवर सर्रास दिली जाणारी मेटोक्लोप्रमाइड आणि प्रोक्लोरपेराझिन ही औषधे मेंदूत डोपामिनचे काम अडवतात आणि कंपवात वाढवतात. सिनारिझिनही या रुग्णांसाठी योग्य नाही. म्हणून निघण्यापूर्वीच आपल्या मेंदुविकारतज्ज्ञांना विचारून, मळमळ झाली तर काय द्यायचे आणि काय अजिबात द्यायचे नाही, हे लिहून घ्यावे. तो कागद जहाजावरच्या डॉक्टरांना दाखवावा.

बोट आम्हा दोघांपैकी कोणालाच लागली नाही.

देवगड

तुमच्या मनात समुद्रावरून किनारा पाहण्याची आस असेल, तर एक सांगून ठेवते. ही जहाजे संध्याकाळी सुटतात आणि किनाऱ्यापासून बरीच दूरवरून जातात. पूर्वीची बोट बंदराबंदरात थांबे, होड्या तिच्याजवळ येत, माणसे आणि आंब्याच्या पेट्या चढत-उतरत. हे जहाज कोकणाला रात्रीच्या अंधारात ओलांडून जाते. मला हे आधी माहीत नव्हते. ह्यांना कळले तेव्हा ते काही बोलले नाहीत, पण त्या रात्री जेवणही कमी गेले.

रात्री अडीचच्या सुमारास जाग आली तर हे अंथरुणावर बसलेले. खोलीतल्या टीव्हीवर एक वाहिनी असते, तिच्यावर नकाशात जहाजाची जागा एका ठिपक्याने दाखवतात. ती त्यांनी लावून ठेवली होती. "अगं, देवगड आलं," ते म्हणाले.

मी त्यांना खिडकीशी नेले. बाहेर काळोख. दूरवर मासेमारीच्या बोटींचे तीन-चार दिवे. खिडकीच्या काचेला कपाळ टेकवून हे हळू आवाजात म्हणू लागले, "दाभोळ, जयगड, रत्नागिरी, पूर्णगड, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड." लहानपणी पाठ केलेले पाढे म्हणावेत तसे. सात वर्षांत इतका सलग, न अडखळता आलेला आवाज मी ऐकला नव्हता. मग ते थांबले आणि म्हणाले, "पडाव आला असेल. उतरायचं ना?"

माझ्या काळजाचा ठोका चुकला. या आजारात पुढे भास होतात, रात्री काळवेळाचे भान सुटते, हे डॉक्टरांनी सांगून ठेवले होते. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले. तो नेहमीसारखाच, लाकडात कोरल्यासारखा. ही थट्टा आहे की आजाराचे पुढचे पाऊल, मला कळेना. त्यांच्या तरुणपणीचे हसू मला ओठांच्या उजव्या कोपऱ्यावरून कळत असे, तो कोपरा आता हलत नाही. मी नुसती त्यांचा हात धरून उभी राहिले. थोड्या वेळाने त्यांच्या बोटांनी माझा हात दोनदा दाबला. "बोट सोडून कुठं जातेस," ते म्हणाले, "तुला पोहता कुठं येतं?"

त्यानंतर किती वेळ आम्ही तिथे उभे होतो, सांगता येत नाही. ठिपका मालवणच्या पुढे गेला, मग ते झोपले.

रिकामे जहाज

सकाळी पूर्वेला डोंगरांची निळी रेघ दिसली आणि मग जहाज गोव्यात मुरगाव बंदराला लागले. लोक सकाळीच पणजीकडे, किनाऱ्यांकडे, देवळांकडे गेले. रस्त्याने पणजी तिथून बरीच लांब आहे आणि संध्याकाळी ठरलेल्या वेळेच्या आत परतावे लागते. उशीर झाला तर जहाज थांबत नाही. आम्ही उतरलोच नाही.

तुमच्याबरोबर चालायला अडचण असलेले माणूस असेल, तर हा दिवस तुमचा आहे. हजारो पायांनी गजबजलेले जहाज अचानक शांत होते. लिफ्ट लगेच येते. डेकवर सावलीतली खुर्ची हवी तिथे मिळते. जमीन हलत नाही. मी ह्यांना बाराची गोळी दिली, जेवू घातले, डेकवर खुर्चीत बसवले. ते डुलक्या घेऊ लागले. मी चहा आणला आणि त्यांच्याशेजारी बसले.

तो चहा मी केलेला नव्हता. कप धुवायचा नव्हता. रात्रीच्या जेवणाचा विचार करायचा नव्हता. उद्याही खोली तीच, अंथरूण तेच, बॅगा पुन्हा भरायच्या नाहीत. गाव तेवढे बदलणार. चहा गरम असतानाच संपला. असे शेवटचे कधी झाले होते, ते मी आठवू लागले आणि आठवेना. मग का कोण जाणे, डोळे भरून आले. त्यापाठोपाठ अपराधी वाटले, नवरा आजारी आणि आपण इथे सुखात बसलो आहोत. तुम्हीही कोणाला सांभाळत असाल तर हे अपराधीपण तुम्हाला परके नसेल. मला त्यावर उत्तर सापडलेले नाही. एवढेच जाणवले, की कालच्या दुपारी दारात ह्यांचा हात ओढणारी मी थकलेली बाई होते. आज दुपारी हे गोठले तेव्हा मी शांतपणे पाऊल आडवे ठेवले आणि वाट पाहिली. विश्रांतीचा उपयोग आधी त्यांनाच झाला.

निघण्यापूर्वी

प्रत्येकाने क्रूझवर जावेच, असे माझे म्हणणे नाही. जहाजावर अतिदक्षता विभागाच्या सोयी नसतात आणि समुद्रातून रुग्णाला रुग्णालयात हलवायला तास लागतात. नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी, हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांनी, डायलिसिसवर किंवा प्राणवायूवर असलेल्यांनी डॉक्टरांच्या स्पष्ट परवानगीशिवाय निघू नये. स्मृतिभ्रंशामुळे रात्री उठून बाहेर जाणाऱ्या रुग्णासाठी एकसारख्या दारांचे जहाज ही सोयीची जागा नाही. जे जाणार असतील त्यांनी एवढे करावे:

– अर्जात आजार, औषधे आणि लागणारी मदत खरीखरी लिहावी. जाऊ की नको हे ठरवण्याचा हक्क तुमचा आहे, पण मदत करणाऱ्यांना माहिती हवी.

– सर्व औषधे हातातल्या पिशवीत, आणि प्रवासाच्या दिवसांपेक्षा तीन-चार दिवसांची अधिक ठेवावीत. पहिल्या दिवसाच्या मात्रा वेगळ्या डबीत, वेळ लिहून ठेवाव्यात.

– डॉक्टरांकडून आजाराचा गोषवारा आणि औषधांची मूळ नावे लिहून घ्यावीत. व्यापारी नावे परक्या डॉक्टरला कळतीलच असे नाही.

– प्रवास विमा घेताना जुना आजार जाहीर करावा आणि त्याला विम्याचे संरक्षण आहे की नाही ते विचारावे. जहाजावरच्या दवाखान्याचे पैसे द्यावे लागतात.

– किनारा मागे पडला की फोन लागत नाही. मुलांना हे आधीच सांगावे, म्हणजे तीही घाबरणार नाहीत आणि तुम्हीही.

– दिवसातून एक तास स्वतःसाठी राखून ठेवावा आणि त्याचा हिशेब कोणालाही देऊ नये.

परतीच्या प्रवासात कवायत नव्हती, घाई नव्हती. मुंबईला उतरताना त्या पहिल्या दिवशीच्या मुलीने व्हीलचेअर आणली. ह्यांनी मान हलवून नको म्हटले. गोळी अर्ध्या तासापूर्वीच झाली होती. जहाजातून धक्क्यावर येणारा उतार त्यांनी माझा दंड धरून, एकेक पाऊल मोजत उतरला. खाली आल्यावर मागे वळून पाहिले आणि काही म्हणाले. गर्दीत ऐकू आले नाही, म्हणून मी कान जवळ नेला.

"पुढच्या वेळी," ते म्हणाले, "दिवसा जाणारी शोध."

शोधते आहे.